‘डायजेस्ट जुळत नाही’ हा एरर पुन्हा पुन्हा का येतो: कंटेंट-अ‍ॅड्रेसेबल स्टोरेज सर्व्हरचं समस्या निवारण

सर्व्हर चालू आहे, डिस्कवर जागा आहे, नेटवर्क ठणठणीत आहे. तरी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी एखादी फाईल मागतं आणि सर्व्हर ती द्यायला नकार देतो: डायजेस्ट जुळत नाही. मूळ फाईल हाताशी असते, म्हणून ती पुन्हा चढवली जाते. ‘झालं’ असा निरोपही लगेच येतो, जरा जास्तच लगेच. दुसऱ्या दिवशी तीच फाईल, तोच एरर.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत मी छोट्या कार्यालयांची मशीनं सांभाळतो. ज्यांनी ज्यांनी कंटेंट-अ‍ॅड्रेसेबल स्टोरेज (आतल्या मजकुरावरून फाईलचं नाव ठरवणारं) बसवलंय, त्यांच्यातल्या बहुतेकांचा या तक्रारीसाठी कधी ना कधी फोन येतोच. नौपाड्यात सोसायट्यांची जुनी कागदपत्रं स्कॅन करणारं ऑफिस असो, राम मारुती रोडच्या बाजूचा फोटो स्टुडिओ असो, की महाप्याला यंत्रांची ड्रॉइंग्ज करणारी मंडळी. मशीन साधारण एकाच घडणीचं असतं. कुणाच्या तरी टेबलावरून निवृत्त झालेला डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, एक्स्ट-४ फाईलसिस्टिम, चार टीबीची डिस्क. सॉफ्टवेअर मात्र वेगवेगळं: कुठे गिट एलएफएस (गिटमधल्या मोठ्या फाईलींसाठी), कुठे डॉकर रजिस्ट्री (कंटेनर इमेजेससाठी), कुठे रेस्टिकचा रेस्ट-सर्व्हर (बॅकअपसाठी), कुठे पर्कीप (वैयक्तिक साठवणीसाठी), तर कुठे ऑफिसातल्याच मुलानं लिहिलेला दोनशे ओळींचा प्रोग्राम. एरर सगळीकडे सारखा, आणि त्याची कारणंही फिरून फिरून तीच.

या सर्व्हरमध्ये फाईलचं नाव आपण ठरवत नाही. आतल्या बाइट्सचा हॅश (गणितानं काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, यालाच डायजेस्ट म्हणतात) काढायचा आणि तेच नाव. हॅशची पद्धत शा-२५६ असेल तर नाव ६४ अक्षरांचं होतं, आणि त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांवरून २५६ फोल्डर पाडलेले असतात. याचे दोन फायदे. एकच फाईल दहा जणांनी चढवली तरी जागा एकदाच जाते. आणि वाचताना हॅश पुन्हा काढून नावाशी ताडून बघता येतो. आपला एरर या दुसऱ्या फायद्यातून येतो. म्हणजे तक्रार करणारा सर्व्हर बिघडलेला नसतो, तो त्याचं काम करत असतो. हीच फाईल साध्या शेअर्ड फोल्डरमध्ये असती तर ती तशीच खराब उघडली असती आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

एक शंका हटकून विचारली जाते, ती आधीच निकालात काढतो: ‘दोन फाईलींचा हॅश चुकून एकच आला असेल का?’ नाही. शा-१ या जुन्या पद्धतीत तसं घडवून दाखवलं गेलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाईली जाहीर केल्या, पण त्यासाठी प्रचंड गणनशक्ती मुद्दाम खर्ची घातली होती. शा-२५६ साठी अशी एकही जोडी आजवर कुणी दाखवलेली नाही. तुमच्या स्कॅनिंगच्या ऑफिसात ती आपोआप सापडणार नाही. कारण डिस्क, मेमरी, वीज किंवा एखादा आगाऊ प्रोग्राम यांतच शोधायचं.

काहीही करण्याआधी तीन गोष्टी पाळा. पडताळणी बंद करू नका. काही सर्व्हरांत तसा पर्याय असतो. रेस्ट-सर्व्हरमध्येही चढवताना हॅश न तपासण्याची सोय आहे, पण ती कमजोर प्रोसेसरसाठी आहे, एरर लपवण्यासाठी नाही. दुसरं, खराब फाईल पुसू नका, तोच आपला पुरावा. तिसरं, दुसऱ्या जागेची प्रत या मशीनवरून ताजी करणारं काम तूर्त थांबवा. त्या प्रतीतली फाईल चांगली असण्याची बरीच शक्यता असते, आणि घाईत तिच्यावरच खराब फाईल चढते.

पुन्हा चढवून का भागत नाही

तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचं मुख्य कारण हेच आहे, आणि ते बिघाडात नसून रचनेतच आहे.

क्लायंट फाईल पाठवण्याआधी सर्व्हरला विचारतो, या नावाचं तुझ्याकडे काही आहे का? सर्व्हर बघतो, फोल्डरमध्ये त्या नावाची फाईल दिसते, म्हणतो ‘आहे’. संपलं. बाइट्स पाठवलेच जात नाहीत. म्हणून तो ‘झालं’चा निरोप क्षणात येतो. गिट एलएफएसमध्ये सर्व्हरकडे ऑब्जेक्ट आहे असं दिसलं तर उत्तरात चढवण्याचा पत्ताच दिलेला नसतो. डॉकर आधी नुसतं ‘आहे का’ विचारतो आणि असलं तर लेयर (इमेजचा थर) पाठवत नाही. या टप्प्यावर बहुतेक सर्व्हर फक्त नाव बघतात, फार तर आकार. आतला मजकूर वाचून हॅश काढत बसले तर प्रत्येक चढवणीला डिस्क दमेल. वाचनालयाच्या वहीत पुस्तकाची नोंद आहे, पण कपाटातल्या प्रतीची मधली पानं गायब आहेत. तुम्ही नवी प्रत देणगी द्यायला गेलात तर वही बघून ‘आहे आमच्याकडे’ म्हणून परत पाठवतात, तसंच हे.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी मूळ फाईलचा हॅश दुसऱ्याच एखाद्या मशीनवर काढा आणि तो सर्व्हरवरच्या नावाशी तंतोतंत जुळतो का बघा. जुळत नसेल तर तुमच्याकडची ‘मूळ’ फाईल ती नाहीच, आणि पुढचं सगळं व्यर्थ. जुळला, तर सर्व्हर फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा आणि खराब फाईल त्याच डिस्कवरच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. आम्ही त्याला ‘बाजूला’ असंच नाव देतो. सर्व्हरनं मेमरीत काही नोंदी धरल्या असतील (डॉकर रजिस्ट्री ब्लॉबची, म्हणजे साठवलेल्या डेटाच्या तुकड्याची, माहिती अशी धरून ठेवते) तर सेवा बंद करून पुन्हा सुरू करा. मग लिखाण पुन्हा चालू करून फाईल चढवा. आता ती खरोखर जाईल, आणि किती वेळ लागतो यावरूनच ते कळेल.

रेस्टिकचं प्रकरण जरा वेगळं आहे. तिथे डेटाच्या फोल्डरमधल्या फाईली म्हणजे कूटबद्ध केलेले पॅक असतात. पॅकचं नाव हा त्या अख्ख्या पॅकचा शा-२५६. तोच डेटा पुन्हा पाठवला तरी नवा पॅक वेगळ्या नावाचा होतो. ‘आहे की नाही’ हे क्लायंट स्वतःच्या इंडेक्सवरून ठरवतो, म्हणून नुसता पॅक हलवून भागत नाही. आधी रेस्टिकची चेक आज्ञा रीड-डेटा पर्यायासह चालवून खराब पॅकची नावं काढायची, त्या पॅकच्या प्रती बाजूला ठेवायच्या, मग रिपेअर पॅक्स. ही आज्ञा खराब पॅकमधले शाबूत तुकडे नव्या पॅकमध्ये वाचवते. त्यानंतर मूळ मशीनवरून बॅकअप पुन्हा चालवायचा, म्हणजे हरवलेले तुकडे मूळ फाईलीतून परत येतात. रिपेअर स्नॅपशॉट्स सगळ्यात शेवटी, तेही ज्याचं मूळ कुठेच उरलं नाही अशा फाईलींसाठी.

यानं आजची फाईल सुटली. मुळात ती खराब का झाली हे शोधलं नाही, तर पुढच्या महिन्यात दुसरी कुठलीतरी होईलच.

चुकीचा डायजेस्ट दर वेळी तोच येतो की बदलतो?

माझ्या मते अख्ख्या निवारणात कामाचा प्रश्न हा एकच आहे. लोक बरोबर डायजेस्टकडे बघत बसतात. सगळी माहिती चुकीच्या डायजेस्टमध्ये असते.

‘बाजूला’ ठेवलेल्या फाईलवर शा-२५६-सम ही हॅश काढणारी आज्ञा चालवा आणि उत्तर लिहून ठेवा. थोड्या वेळानं पुन्हा चालवा, मग पुन्हा. पण इथे एक खाचखळगा आहे. लिनक्सनं एकदा वाचलेली फाईल मेमरीत धरून ठेवलेली असते, दुसऱ्यांदा वाचताना डिस्कला हात लागतच नाही. त्यामुळे डिस्कची केबल खराब असली तरी तीनही वेळा एकच उत्तर येईल आणि तुमची दिशा चुकेल. प्रत्येक वेळेआधी ही धरलेली प्रत टाकून द्यायला लावा: आधी सिंक, मग रूट होऊन प्रॉकमधल्या व्हीएम विभागातल्या ड्रॉप-कॅशेस या फाईलमध्ये ३ लिहायचं. ते जमत नसेल तर सरळ मशीन रीस्टार्ट करा.

आता तीन शक्यता उरतात.

चुकीचा डायजेस्ट ई३बी०सी४४२ नं सुरू होतो का? मग पुढे काही तपासायला नको. हा शून्य बाइट्सचा शा-२५६ आहे. जगात कुठेही, कुठल्याही मशीनवर रिकाम्या फाईलचा हॅश हाच येतो. पर्कीप हल्ली शा-२२४ वापरतं, तिथे रिकाम्याचा हॅश डी१४ए०२८सी नं सुरू होतो; जुन्या शा-१ च्या साठ्यात डीए३९ए३ईई नं. ही तिन्ही सुरुवाती मी मशीनच्या खोक्यावर मार्करनं लिहून ठेवतो. फाईल रिकामी आहे म्हणजे वीज गेली होती, असं दहापैकी नऊ वेळा समजायला हरकत नाही.

खात्री करायची असेल तर फाइंड आज्ञेनं शून्य आकाराच्या सगळ्या फाईली शोधा आणि त्यांच्या वेळा बघा. एकाच मिनिटात जन्मलेला घोळका दिसेल. लास्ट आज्ञेला रीबूटच्या नोंदी विचारा; त्या मिनिटाला लागूनच मशीन पुन्हा सुरू झालेलं असतं. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधीची वावटळ सुटते त्या दिवसांतल्या तारखा असल्या तर आणखी विचारायला नको. शोधताना एक फाईल मात्र सोडून द्या. जिचं नावच ई३बी०सी४४२ नं सुरू होतं तिला रिकामं असण्याचा हक्क आहे. कुणीतरी खरोखरच रिकामी फाईल चढवली असेल.

वीज गेल्यावर अर्धी लिहिलेली फाईल राहणं समजू शकतं, पण पूर्ण चढलेली, ‘झालं’ म्हणून सांगितलेली फाईल रिकामी कशी होते? सर्व्हर आधी तात्पुरत्या नावानं फाईल लिहितो, हॅश जुळला की तिचं नाव बदलून खऱ्या जागी ठेवतो. ही पद्धत योग्यच आहे. पण लिहिलेले बाइट्स अजून मेमरीतच असतात. एक्स्ट-४ त्यांना डिस्कवर जागा देणंही शेवटच्या क्षणापर्यंत पुढे ढकलतं. मुळातल्या सेटिंगमध्ये असे बाइट्स तीसेक सेकंद मेमरीत राहू शकतात. नाव बदलल्याची नोंद मात्र जर्नलमधून (फाईलसिस्टिमची बदलांची वही) साधारण पाच सेकंदांत डिस्कवर पोचते. या दोहोंच्या मधे लाईट गेली, तर उठल्यावर नाव आहे आणि आत काही नाही.

यावर कुणी म्हणेल, एक्स्ट-४ मध्ये तर यासाठी कधीचा उपाय केलेला आहे. आहे, पण तो जुन्या फाईलवर नवी फाईल आणून ठेवली जाते तेव्हाच लागू होतो. जुनं नाव आधीपासून असेल तरच फाईलसिस्टिम बाइट्स आधी उतरवते. आपल्या साठ्यात प्रत्येक नाव नवंच असतं. जुन्यावर नवं ठेवण्याची वेळच येत नाही, म्हणून तो उपाय आपल्या वाट्याला येत नाही. साध्या प्रोग्रामांना वाचवणारी सोय नेमकी या रचनेत निकामी ठरते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

इलाज प्रोग्राममध्येच हवा: तात्पुरत्या फाईलवर एफसिंक (बाइट्स डिस्कवर उतरवायला लावणारी हाक), मग नाव बदलणं, मग ज्या फोल्डरमध्ये ती गेली त्या फोल्डरवरही एफसिंक, आणि त्यानंतरच क्लायंटला ‘झालं’. तुमचा सर्व्हर हे करतो का ते कागदपत्रांत शोधत बसण्यापेक्षा एसट्रेस (प्रोग्राम सिस्टिमला काय काय सांगतो ते दाखवणारं साधन) लावून एक फाईल चढवा आणि रीनेमच्या आधी एफसिंक किंवा एफडेटासिंक दिसतं का बघा. नामांकित सर्व्हरांच्या नव्या आवृत्त्यांत ते सहसा दिसतं. घरगुती प्रोग्रामांत सहसा दिसत नाही. शेल स्क्रिप्ट असेल तर सिंक आज्ञेला फाईलचं नाव देता येतं, तेवढी एक ओळ वाढवा.

घरगुती प्रोग्रामांत आणखी एक गंमत सापडते. तात्पुरती फाईल टेम्पच्या फोल्डरमध्ये लिहिलेली असते, आणि ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा मेमरीत असतं. नाव बदलणं एका झटक्यात होतं ते एकाच फाईलसिस्टिमच्या आत. दोन वेगळ्या असतील तर एमव्ही आज्ञा मुकाट्यानं कॉपी करते, आणि कॉपी मधेच तुटू शकते. तेव्हा फाईल रिकामी नसते, अर्धवट असते, आणि डायजेस्ट काहीही येतो. तात्पुरतं फोल्डर साठ्याच्या डिस्कवरच हवं.

विजेच्या बाजूनं: इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरगुती इन्व्हर्टरवर बहुतेक वेळा यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. नॉर्मलवर असेल तर बदल व्हायला इतका वेळ लागतो की पंखा चालू राहतो आणि डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. ऑफिसात कुणाला वीज गेल्याचं कळतही नाही. यूपीएस घ्यायचा तर यूएसबी वायरवाला घ्या, एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होईल असं करा. डिस्क बाहेरच्या यूएसबी केसमध्ये असेल तर एफसिंक असूनही धोका राहतो. काही स्वस्त केस डेटा डिस्कवर उतरल्याचं आधीच सांगून मोकळ्या होतात. डिस्क मशीनच्या आत साटाला जोडा. या कामासाठी मी यूएसबी केस ठेवूच देत नाही.

चुकीचा डायजेस्ट दर वेळी तोच येतो, पण रिकाम्याचा नाही? मग डिस्कवरची फाईल खरोखर बदललेली आहे, आणि बदलणारं बहुधा कुणीतरी चालू प्रोग्राम आहे.

फोटो स्टुडिओंत याचं कारण जवळजवळ ठरलेलं: हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाईलला दिलेलं दुसरं नाव. जागा वाचवायला कुणीतरी साठ्यातल्या फाईलीच हार्ड लिंक करून कामाच्या फोल्डरमध्ये दाखवतं. मग फोटोचं सॉफ्टवेअर जेपेगच्या आत तारे, कीवर्ड, फिरवल्याची खूण असं काहीबाही लिहितं. कामाच्या फोल्डरमधली फाईल आणि साठ्यातली फाईल एकच असल्यामुळे साठाही बदलतो. एलएस आज्ञेत फाईलच्या लिंकची संख्या बघा. एकापेक्षा जास्त असेल तर चोर सापडला. फाईलसिस्टिम बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस असेल तर रीफ्लिंक कॉपी वापरा, तिच्यात जागाही वाचते आणि लिहिलं की दोन्ही वेगळ्या होतात. नसेल तर सरळ कॉपी. आणि साठ्यातल्या सगळ्या फाईली फक्त वाचण्याजोग्या करा, मालक सर्व्हरचा वेगळा वापरकर्ता ठेवा. गिट स्वतःच्या ऑब्जेक्टना हीच परवानगी देतं.

दुसरं कारण मजकुराच्या फाईलींत दिसतं. विंडोजवरून येताना ओळींच्या शेवटची खूण बदलते: गिटचं ऑटो-सीआरएलएफ, एफटीपीचा टेक्स्ट मोड. आकार ओळींच्या संख्येइतका वाढलेला किंवा घटलेला असेल तर हेच.

आणि कधी कधी फाईल ठीकच असते, आपण भलत्याच गोष्टीचा हॅश काढत असतो. डॉकरमध्ये दाबलेल्या लेयरचा डायजेस्ट वेगळा, उलगडलेल्याचा वेगळा. गिट फाईलच्या आधी प्रकार, लांबी आणि एक शून्य बाइट जोडून मग हॅश काढतं, त्यामुळे शा-१-समशी तो कधीच जुळणार नाही. चाचणीसाठी इको वापरलंत तर शेवटी एक नवी ओळ चिकटते, प्रिंटएफ वापरा. एखादा क्लायंट हॅश कॅपिटल अक्षरांत पाठवतो, आणि लिनक्सच्या लेखी ते नावच वेगळं.

मोठ्या फाईलीच तेवढ्या चढत नाहीत आणि ४१३ हा क्रमांक दिसतोय? तो वेगळा रोग. सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवलेला असतो आणि त्याची मुळातली मर्यादा १ एमबी असते, ती वाढवा.

डायजेस्ट दर वेळी वेगळा येतो? मग डिस्कवर फाईल बहुधा चांगली आहे आणि वाचण्याच्या वाटेवर काहीतरी तिला बिघडवतंय. अशा वेळी मी सगळ्यात आधी सगळं लिखाण थांबवतो, कारण जे मशीन वाचताना चुकतं ते लिहितानाही चुकत असणार.

आधी केबल, कारण ती स्वस्त. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या आज्ञेत १९९ क्रमांकाचा आकडा बघा, तो यूडीएमए सीआरसीच्या, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका मोजतो. एकदा वाढला की हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून तो किती आहे याला फारसा अर्थ नाही. आज लिहून ठेवा आणि आठवड्यानं वाढलाय का बघा. वाढत असेल तर साटाची केबल बदला. ५, १९७ आणि १९८ हे डिस्कवरच्या खराब जागा मोजणारे आकडे वाढत असतील तर डिस्कच जायला आली आहे. अशा वेळी दुरुस्तीत वेळ घालवू नका, आधी डेटा हलवा.

केबल आणि डिस्क निर्दोष निघाली की मेमरी. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या. दहा मिनिटांत ‘पास’ दिसलं म्हणून बंद करू नका, आणि जमलं तर दुपारच्या उकाड्यातही एकदा चालवा. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर ठेवलेली मशीनं मे महिन्यात दुपारी चुकतात आणि रात्री निर्दोष असतात. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत नीट बसवणं हा उपाय हसण्यासारखा वाटतो, पण खाडीकाठच्या दमट हवेत तो बऱ्याचदा लागू पडतो. बायोसमध्ये मेमरीचा वेग वाढवून ठेवला असेल तर मूळ वेगावर आणा. नवं मशीनच घ्यायचं असेल तर ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून सुधारणाऱ्या) मेमरीवालं घ्या. लॅमिंग्टन रोडला वापरलेली वर्कस्टेशनं मिळतात, त्यांत बघा.

बाइट्सचा पंचनामा

खराब फाईल आणि चांगली प्रत दोन्ही हाताशी असतील तर सीएमपी आज्ञा एल पर्यायासह चालवा. दोहोंत जिथे जिथे फरक आहे तिथलं स्थान आणि दोन्ही बाइट्स अष्टमान पद्धतीत छापले जातात. यातून निघणारा पुरावा कुठल्याही लॉगपेक्षा भरवशाचा असतो.

एकच बाइट वेगळा आहे आणि फरक एकाच बिटचा आहे, उदाहरणार्थ एकीकडे ४१, दुसरीकडे ४३? मेमरी. दोन-तीन खराब फाईलींत तोच बिट उलटलेला दिसला तर संशयालाही जागा नाही. सलग मोठा पट्टा शून्यांचा आहे आणि तो ४०९६ च्या पटीत सुरू होतो? फाईलसिस्टिमचा ब्लॉक लिहायचा राहिला, म्हणजे परत विजेकडे या. (सीएमपी एकपासून मोजतं, म्हणून स्थानातून एक वजा करून भागा.) फक्त सुरुवातीचे काही केबी वेगळे, बाकी सगळं जुळतं? कुणीतरी फोटोची आतली माहिती बदलली आहे. एका जागेपासून पुढे सगळंच वेगळं? मधे काही बाइट घुसले किंवा गळाले, ओळींच्या खुणा तपासा.

एक मर्यादा मात्र ग्राहकांना स्पष्ट सांगावी लागते. चढवणाऱ्या मशीनचीच मेमरी खराब असेल, किंवा कार्ड रीडरनंच फोटो चुकीचा वाचला असेल, तर हॅश त्या बिघडलेल्या फोटोचाच निघतो. सर्व्हर तो इमानेइतबारे ठेवतो आणि वर्षानुवर्षं ‘सगळं जुळतंय’ म्हणतो. मूळ फोटो कसा होता हे त्याला माहीत असायचं कारणच नाही. लग्नाचे फोटो घेणाऱ्यांनी कार्ड पुसण्याआधी दोन वेगळ्या रीडरांवर हॅश काढून ताडून बघावा, एवढंच सांगतो.

रात्रीची तपासणी आणि कोपरखैरण्याची प्रत

कुणी फाईल मागेपर्यंत वाट बघायची नसेल तर सगळ्या साठ्याची पडताळणी आपणहून करत राहावी लागते. चार टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं वाचली तरी साडेसात तास लागतात, आणि छोट्या फाईली पुष्कळ असतील तर त्याहून बराच जास्त. एका रात्रीत ते उरकायचा हट्ट धरू नका. नावाचं पहिलं अक्षर १६ पैकी एक असतं, आणि हॅशची नावं सारखीच विखुरलेली असतात. रोज रात्री एक अक्षर घ्या. डिस्क भरलेली असली तर सुमारे अडीचशे जीबी, म्हणजे मोठ्या फाईलींच्या साठ्यात अर्धा तास. सोळा रात्रींत फेरी पूर्ण. सिस्टिमडीचा टायमर लावा, आयोनाइसनं प्राधान्य खाली ठेवा. रेस्टिकवाल्यांना रीड-डेटा-सबसेट पर्यायात हेच तयार मिळतं. नाही तर सर्व्हरवर पासवर्डशिवायही काम भागतं: साठ्यातल्या प्रत्येक फाईलचा शा-२५६-सम तिच्या नावाशी जुळला पाहिजे. कॉन्फिग नावाची फाईल तेवढी अपवाद.

नौपाड्याच्या ऑफिसची दुसरी प्रत कोपरखैरण्याला असते. रोजचा डेटा नेटवरून जातो, आणि एकदम खूप स्कॅनिंग झालं की डिस्क पिशवीत घालून कुणीतरी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडतं. नेटपेक्षा ते लवकर होतं. प्रत करताना आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेच्या दोन सवयी लक्षात ठेवा. मुळात ते फक्त आकार आणि वेळ बघतं, त्यामुळे एक बिट उलटलेली फाईल त्याला खराब दिसत नाही. चेकसम पर्याय लावला तर फरक दिसतो, पण आरसिंकला चांगली कोण आणि वाईट कोण हे कळत नाही. ठाण्याची खराब फाईल कोपरखैरण्याच्या चांगल्या फाईलवर बसते. आपल्या साठ्यात एकदा लिहिलेली फाईल कधीच बदलायची नसते, म्हणून इग्नोर-एक्झिस्टिंग हाच पर्याय बरोबर. आणि पोचल्यावर कोपरखैरण्याच्या मशीननं स्वतः हॅश काढावा, ठाण्याच्या शब्दावर विसंबू नये.

पर्कीप वापरणाऱ्यांसाठी: वीज गेल्यावर पुष्कळदा ब्लॉब ठीक असतात आणि इंडेक्स बिघडलेला असतो. शोधल्यावर काहीच सापडत नाही, आणि लोकांना वाटतं सगळं गेलं. इंडेक्स हा ब्लॉबांवरूनच बांधलेला असतो. आधी ब्लॉब तपासा, मग सर्व्हर रीइंडेक्स पर्यायासह सुरू करा आणि वाट बघा. साठा मोठा असेल तर बराच वेळ जातो, मधे बंद करू नका.

‘जुळत नाही’ ऐवजी ‘सापडत नाही’ येत असेल तर कचरा साफ करणारं काम कधी चालतं ते बघा. क्लायंटनं विचारलं, सर्व्हर ‘आहे’ म्हणाला, आणि क्लायंटनं आपली नोंद लिहिण्याआधीच सफाईनं तो ब्लॉब बेवारस समजून उडवला. डॉकर रजिस्ट्रीची सफाई तर सर्व्हर बंद ठेवून किंवा फक्त वाचण्यापुरता ठेवूनच करायची असते. तिची वेळ आणि बॅकअपची वेळ एकच, रात्री दोन, अशी नेमलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहतो.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘डायजेस्ट एरर येतोय’ एवढंच लिहू नका. अपेक्षित डायजेस्ट आणि तीन वेळा काढलेला चुकीचा डायजेस्ट, मधे कॅशे टाकून दिला होता की नाही, फाईलचा आकार आणि वेळ, लिंकची संख्या, त्या दिवसाच्या रीबूटच्या नोंदी, स्मार्टचे चार आकडे, आणि सीएमपीच्या पहिल्या वीस ओळी. डिस्क यूएसबीवर असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर पहिलं उत्तर तोच प्रश्न असेल.